यारोमिर यागरची भटकी कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यारोमिर यागर कोण?

चेक आइस हॉकीपटू. जन्म १५ फेब्रुवारी १९७२, गाव क्लाद्नो. उजव्या बगलेवर खेळणारा फॉरवर्ड. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, त्याने १,७३३ सामने खेळले, ७६६ गोल केले आणि १,१५५ गोलांना हातभार लावला. बेरीज १,९२१ गुण. लीगच्या इतिहासात या यादीत त्याच्या पुढे एकच माणूस आहे, वेन ग्रेट्झकी. दोन स्टॅनले कप (एनएचएलच्या विजेत्याचा करंडक), एक ऑलिंपिक सुवर्ण, दोन जागतिक सुवर्णपदकं. आणि हे सगळं एनएचएलचे नऊ संघ फिरून.

नऊ संघ म्हटलं की लोकांना वाटतं, हा कुठे टिकला नसणार, किंवा कुणाला नकोसा झाला असणार. पिट्सबर्गमध्ये तो सलग अकरा हंगाम खेळला, हे त्यांना माहीत नसतं. नंतरची भटकंती मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे आणि माझं मत पक्कं आहे: यागरला बर्फावर वेळ हवा होता. जिथे जास्त वेळ खेळायला मिळेल तिथे तो गेला. पगार, शहर, संघाचा रुबाब, हे सगळं त्यानंतर.

आइस हॉकीबद्दल काहीच माहीत नसेल, तर किमान काय समजून घ्यावं?

फारसं नाही. बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण: एक गोलकीपर, दोन बचावपटू, तीन फॉरवर्ड. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर परततो, त्याची जागा दुसरा घेतो. खेळ थांबत नाही. या एका फेरीला शिफ्ट म्हणतात. गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याआधी पक पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक गुण, त्याला असिस्ट म्हणतात. यागरचे १,९२१ गुण या हिशोबाने मोजायचे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अव्वल फॉरवर्डला सामन्याच्या साठ मिनिटांतली वीसेक मिनिटं बर्फावर मिळतात, चौथ्या फळीतल्याला कसाबसा त्याच्या निम्मा वेळ. कोण किती वेळ बर्फावर, हे प्रशिक्षक ठरवतो. यागरचं अर्धं आयुष्य या मिनिटांच्या मागे गेलं.

क्लाद्नो कसलं गाव आहे?

प्रागच्या वायव्येला, पंचवीसेक किलोमीटरवर. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेलं कामगारांचं शहर. पोल्दी नावाचा पोलाद कारखाना ही त्याची ओळख, आणि हॉकी क्लबही कित्येक वर्षं त्याच नावाने ओळखला जायचा. यागर अगदी लहान असल्यापासून स्केटिंग करायचा आणि स्वतःपेक्षा मोठ्या मुलांच्या गटांत खेळायचा. लहानपणी तो रोज हजार बैठका मारायचा, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. पुढे ज्या मांड्यांच्या जोरावर तो बचावपटूंना पाठीवर घेऊन फिरला, त्या या बैठकांनी घडवल्या.

पाठीवर ६८ हा आकडा का?

१९६८ साली चेकोस्लोव्हाकियात थोडं मोकळं वारं सुटलं होतं. त्याला ‘प्राग वसंत’ म्हणतात. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले आणि ते सगळं चिरडलं गेलं. यागरचे आजोबा शेतकरी. सरकारने शेती सामूहिक केली तेव्हा ते वाकले नाहीत, त्यापायी त्यांनी तुरुंगवास भोगला. वारले तेही १९६८मध्येच. नातवाने दोन्हींची आठवण म्हणून हा आकडा घेतला आणि नऊही एनएचएल संघांत तोच पाठीवर ठेवला.

तो कम्युनिस्ट राजवटीत शाळेत जात होता, तेव्हा त्याच्याकडे अमेरिकेचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा फोटो असायचा. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. त्या काळात मात्र अशा फोटोवरून शाळकरी पोरगाही अडचणीत येऊ शकत होता.

तो देशातून पळून अमेरिकेला गेला होता का?

नाही. त्याच्याआधीच्या चेक खेळाडूंना अमेरिकेत उमेदीच्या वयात खेळायचं तर गुपचूप देश सोडावा लागे. घरच्यांना पुन्हा कधी भेटता येईल याची खात्री नसे. पेत्र नेदवेदचंच पाहा. यागरपेक्षा दोनेक महिन्यांनी मोठा. जानेवारी १९८९मध्ये तो कनिष्ठ संघाबरोबर कॅलगरीला स्पर्धेसाठी गेला आणि तिथेच राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रागमध्ये राजवट कोसळली.

जून १९९०मध्ये व्हँकूव्हरला एनएचएलचा ड्राफ्ट झाला, म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. नेदवेद दुसरा निवडला गेला, यागर पाचवा. एकाने त्यासाठी घर सोडलं होतं, दुसरा सरकारच्या परवानगीने आला होता. देश न सोडता ड्राफ्टला हजर राहिलेला यागर हा पहिला चेकोस्लोव्हाक खेळाडू. दोघांच्या देशाबाहेर पडण्यात जेमतेम दीड वर्षाचं अंतर होतं. नशीब म्हणजे काय ते या दोघांकडे बघून कळतं.

त्याला पिट्सबर्गलाच जायचं होतं, कारण तिथे त्या काळातला मोठा तारा मारिओ लेम्यू खेळत होता. आधी पाळी असलेल्या संघांना त्याने ‘मी इतक्यात येणार नाही’ असं सांगून टाळलं, असा किस्सा सांगितला जातो. काहीही असो, त्याला हवा होता तोच संघ मिळाला.

पिट्सबर्गमध्ये पहिल्यापासून जम बसला का?

खेळात हो, मनाने नाही. अठरा वर्षांचा पोरगा, इंग्रजी येत नाही, घरची आठवण काढून झुरतोय. क्लबने डिसेंबर १९९०मध्ये कॅलगरीकडून यिरी हर्दिना हा अनुभवी चेक खेळाडू मुद्दाम मिळवला, यागरला बोलायला कुणी असावं म्हणून. हर्दिना चांगला खेळाडू होताच, पण कुणाच्या एकटेपणावर औषध म्हणून खेळाडूंची अदलाबदल झाल्याचं क्वचितच ऐकायला मिळतं. मला पिट्सबर्गच्या त्या व्यवस्थापनाचं फार कौतुक वाटतं.

फळ लगेच मिळालं. १९९१ आणि १९९२, सलग दोन स्टॅनले कप. १९९२च्या अंतिम फेरीतला शिकागोविरुद्धचा पहिला सामना बघाच. पिट्सबर्ग १-४ असं मागे होतं. मग ३-४. सामना संपायला पाचेक मिनिटं असताना यागरने उजव्या कडेला पक घेतला, आत वळला, एकाला चकवलं, दुसऱ्याच्या स्टिकखालून पक काढला, तिसरा मध्ये येतोय तोवर उलट्या हाताने गोल. ४-४. शेवटच्या तेरा सेकंदांत लेम्यूने सामना जिंकून दिला. यागर वीस वर्षांचा होता.

त्याला अडवणं इतकं कठीण का जायचं?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, शरीर. सहा फूट तीन इंच, उमेदीच्या काळात शंभर किलोच्या वर. एवढ्या वजनाचे खेळाडू बहुधा सरळ रेषेत धावतात आणि समोरच्याला आपटतात. यागर तसा नव्हता. तो बचावपटूकडे पाठ करायचा, गुडघे वाकवून पार खाली बसायचा, कंबर मागे काढायचा आणि लांबलचक स्टिकच्या टोकाला पक धरून ठेवायचा. मागच्याचा हात पोहोचेपर्यंत मध्ये यागरची पाठ, मांडी, कोपर. असा तो रिंकच्या कोपऱ्यात पाच, सात, दहा सेकंद पक दाबून बसे. आइस हॉकीत दहा सेकंद म्हणजे युग. तेवढ्यात दोन बचावपटू त्याच्या अंगावर येत, आणि दोघे आले म्हणजे त्याचा कुणीतरी साथीदार मोकळा सुटला, हे ठरलेलं. त्याचे कितीतरी असिस्ट असे आलेत.

दुसरी गोष्ट, तो डावखुऱ्या पद्धतीने स्टिक धरायचा आणि खेळायचा उजव्या बगलेवर. त्यामुळे कडेवरून आत वळला की स्टिकचं पातं आपोआप रिंकच्या मध्याकडे, गोलाच्या समोर यायचं. बचावपटूला बाहेरची बाजू सोडावी तर हा बाहेरून निघून जाणार, आतली सोडावी तर सरळ फटका.

तिसरी गोष्ट वयाबरोबर आली. वेग गेला तेव्हा त्याने पहिली युक्ती इतकी धारदार केली की चाळिशीनंतरही विशीतले बचावपटू कोपऱ्यात त्याच्यापुढे हतबल व्हायचे. स्केटिंग मंदावलं, पण पक काही सुटत नसे.

१९९५-९६चा हंगाम या सगळ्याचं शिखर: ६२ गोल, ८७ असिस्ट, १४९ गुण. युरोपातून आलेल्या खेळाडूने एनएचएलच्या एका हंगामात केलेली ही सर्वाधिक कमाई. गंमत म्हणजे त्या वर्षी गुणांत अव्वल ठरला तो त्याच्याच संघातला लेम्यू. यागरने सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी पाच वेळा घेतली: १९९५, आणि मग १९९८ ते २००१ सलग चार. १९९९ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफीही.

नागानोबद्दल चेक लोक अजून का बोलतात?

फेब्रुवारी १९९८, जपानमधलं नागानो. एनएचएलने पहिल्यांदाच हंगाम थांबवून आपले खेळाडू ऑलिंपिकला सोडले. सगळ्यांना अंतिम लढत कॅनडा-अमेरिका अशी दिसत होती. इव्हान ह्लिंका यांच्या चेक संघाने अमेरिकेला हरवलं, कॅनडाला पेनल्टी शॉट्सवर हरवलं. गोलकीपर डॉमिनिक हाशेकने पाचही शॉट अडवले. अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध १-०, गोल पेत्र स्वोबोदाचा. प्रागच्या जुन्या चौकात माणसांचा समुद्र लोटला, आणि ‘हाशेकला किल्ल्यावर बसवा’ अशा घोषणा झाल्या. किल्ला म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. स्वतंत्र चेक प्रजासत्ताक तेव्हा पाच वर्षांचं होतं. हा विजय हाशेकचा, यात वाद नाही. पण यागर त्या संघाचा सर्वांत मोठा फॉरवर्ड होता.

पुढे व्हिएन्नात २००५चं जागतिक अजिंक्यपद त्याने मोडलेल्या बोटाने खेळून जिंकलं, अंतिम सामन्यात कॅनडावर ३-०. त्यामुळे स्टॅनले कप, ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद हे तिन्ही जिंकणाऱ्यांच्या यादीत तो आला. २०१०मध्ये कलोनला दुसरं जागतिक सुवर्ण, या वेळी रशियावर २-१.

इतकं असूनही पिट्सबर्गने त्याला का सोडलं?

पैसे. १९९८ला क्लब दिवाळखोरीत गेला. पुढच्या वसंतात न्यू जर्सीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, यागर जांघेच्या दुखापतीने बाहेर बसला होता, संघ मालिकेत मागे. सहाव्या सामन्यात तो लंगडत उतरला, संपायला दोन-सव्वादोन मिनिटं असताना बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोलही त्यानेच केला. पिट्सबर्गने मालिका जिंकली, घरच्या मैदानावर आणखी सामने झाले, गल्ल्यात भर पडली. क्लब शहरात राहिला त्याचं श्रेय तिथले लोक आजही त्या दोन गोलांना देतात. काही महिन्यांनी लेम्यूने आपल्या थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकी घेऊन क्लब वाचवला.

पण यागरचा पगार पेलणं अवघड होतं, आणि त्याचं मनही तिथून उडालं होतं. जुलै २००१मध्ये तो वॉशिंग्टनला गेला, बदल्यात तीन तरुण खेळाडू आणि रोख रक्कम. तिघांपैकी एकाचंही पुढे नाव झालं नाही.

वॉशिंग्टनमध्ये तो अपयशी ठरला, हे खरं?

अपेक्षेच्या मानाने, हो. सात वर्षांचा, ७ कोटी ७० लाख डॉलरचा करार झाला, तेव्हा लीगमधला सर्वांत मोठा. पहिल्या हंगामात ७९ गुण, दुसऱ्यात ७७. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर पाठ थोपटली असती. संघ मात्र पुढे सरकला नाही आणि जानेवारी २००४मध्ये त्याला न्यूयॉर्क रेंजर्सकडे देऊन टाकलं.

यातून एक वेगळीच गोष्ट घडली. महागडे खेळाडू विकून वॉशिंग्टन तळाला गेलं, तळाला गेल्यामुळे २००४च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांना मिळाली, आणि त्यांनी घेतला अलेक्झांडर ओवेच्किन. २०२२मध्ये ओवेच्किनने यागरचे ७६६ गोल ओलांडले आणि २०२५मध्ये ग्रेट्झकीचाही विक्रम मोडला. यागर गेला नसता तर ओवेच्किन त्या शहरात आलाच नसता.

मग रेंजर्सकडून पुन्हा उभारी कशी आली?

२००४-०५चा हंगाम मालक-खेळाडू वादात पूर्ण बुडाला. याला लॉकआउट म्हणतात. यागर आधी क्लाद्नोत खेळला, मग सायबेरियातल्या ओम्स्कमध्ये. एनएचएल सुरू झाली तेव्हा पकड-ओढाताणीचे फाउल कडकपणे दिले जाऊ लागले, म्हणजे यागरला पूर्वीसारखं लोंबकळून थांबवणं संपलं. रेंजर्सने त्याच्याभोवती बरेच चेक खेळाडू जमवले. २००५-०६मध्ये ५४ गोल, १२३ गुण. दोन्ही रेंजर्सचे विक्रम. सहावी आर्ट रॉस ट्रॉफी अवघ्या दोन गुणांनी हुकली. नंतर कर्णधारपदही मिळालं.

२००८ला एनएचएल सोडून रशियात का गेला?

रेंजर्सबरोबर पुढचा करार जमला नाही, आणि ओम्स्कच्या अव्हानगार्ड क्लबला तो हवाच होता. छत्तिसाव्या वर्षी तिथे तो संघाचा कणा असणार होता. शिवाय तिथलं रिंक. एनएचएलचं साधारण २६ मीटर रुंद असतं, युरोपात तेव्हा ३० मीटरपर्यंत असे. यागरसारख्या पक राखणाऱ्या खेळाडूला ती जादाची जागा सोन्यासारखी. जानेवारी २००९मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात उघड्यावर रिंक उभारून नव्या रशियन लीगचा ऑल-स्टार सामना झाला, त्यात एका संघाला नावच यागरचं होतं.

पण ओम्स्कची पहिली आठवण दुःखाची आहे. १३ ऑक्टोबर २००८ला चेखोव गावातल्या सामन्यात त्याचा एकोणीस वर्षांचा साथीदार अलेक्सेई चेरेपानोव यागरबरोबरची शिफ्ट संपवून बाकावर बसला आणि तिथेच कोसळला. तो वाचला नाही. आणि २०११च्या सप्टेंबरमध्ये यागर अमेरिकेत परतत असतानाच रशियातल्या यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्ह संघाचं विमान कोसळलं. त्यात यान मारेक, कारेल राखूनेक आणि योसेफ वाशिचेक गेले, तिघेही त्याचे राष्ट्रीय संघातले सहकारी.

ओम्स्कनंतर सहा संघ! नेमका क्रम सांगाल का?

२०११-१२ फिलाडेल्फिया फ्लायर्स. २०१२-१३ डॅलस स्टार्स. आधी लॉकआउटमुळे काही महिने क्लाद्नो, आणि एप्रिल २०१३पासून बॉस्टन ब्रुइन्स. २०१३ ते फेब्रुवारी २०१५ न्यू जर्सी डेव्हिल्स. तिथून २०१७पर्यंत फ्लोरिडा पँथर्स. २०१७-१८चे काही महिने कॅलगरी फ्लेम्स. यात पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, रेंजर्स धरले की नऊ होतात. १९९४च्या लॉकआउटमध्ये तो क्लाद्नोबरोबरच इटलीतल्या बोल्झानोकडून आणि जर्मनीत शाल्केकडून एक सामना खेळून आला, ते वेगळंच. क्लबचे देश मोजले तर सहा.

फिलाडेल्फियाने पिट्सबर्गवाल्यांच्या काळजात घर केलं ते वाईट अर्थाने. सगळ्यांना वाटत होतं, यागर घरी येणार. लोक त्याच्या विमानाचा माग काढत होते. तो गेला कट्टर वैऱ्याकडे, कारण तिथे वरच्या फळीत खेळायला मिळणार होतं. डिसेंबरमध्ये तो पिट्सबर्गला आला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याने गोल करून त्यांना आपला जुना सॅल्यूट ठोकला. माझ्या मते दोन्ही बाजू बरोबर होत्या. प्रेम असतं तिथेच एवढा राग येतो.

बॉस्टनबरोबर तो एकवीस वर्षांनी स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. प्लेऑफचे २२ सामने, १० असिस्ट, गोल शून्य. शिकागोकडून हार. त्याचे कितीतरी फटके गोलखांबावर आणि पॅडवर आदळताना पाहणं जिवावर यायचं.

फ्लोरिडाचा काळ मला सर्वांत जास्त आवडतो. त्याच्या फळीत जोडीला अलेक्झांडर बार्कोव्ह आणि जोनाथन ह्युबर्डो. यागर एनएचएलमध्ये आला तेव्हा या दोघांचा जन्मही झाला नव्हता. २०१५-१६ला त्याने ६६ गुण केले आणि मधेच वयाची ४४ पूर्ण केली. डिसेंबर २०१६मध्ये मार्क मेसियरला मागे टाकून सर्वकालीन यादीत दुसरा. आणि १५ फेब्रुवारी २०१७ला, बरोबर पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, १,९००वा गुण.

कॅलगरीत गुडघा आणि जांघेने साथ सोडली. २२ सामने, एक गोल, सहा असिस्ट. जानेवारी २०१८मध्ये त्याला क्लाद्नोला पाठवण्यात आलं.

एवढी वर्षं शरीर टिकलं कसं?

सचिनच्या हिशोबाने पाहा. यागर सचिनपेक्षा वर्षभराने मोठा. सचिनने नोव्हेंबर १९८९मध्ये कसोटी पदार्पण केलं, यागरने ऑक्टोबर १९९०मध्ये एनएचएल पदार्पण. वानखेडेवर नोव्हेंबर २०१३मध्ये निरोपाचं भाषण झालं, तेव्हा यागर न्यूअर्कमध्ये डेव्हिल्सकडून खेळत होता, आणि त्या हंगामात ६७ गुण करून संघात पहिला आला. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांपासून ते रिंक गाडीने फार लांब नाही. त्यानंतरही तो खेळतच राहिला, आणि ते अंगावर माणसं आदळणाऱ्या खेळात.

उत्तर एका शब्दात: रात्रपाळी. सामना संपला, बाकीचे घरी गेले, की तो रिकाम्या रिंकवर परत उतरायचा. अंगात वजनांचं जॅकेट, पायांना वजनं, हातात जड केलेली स्टिक. काही ठिकाणी क्लबने त्याला रिंकच्या चाव्याच देऊन ठेवल्या होत्या. तरुण साथीदार कुतूहलाने एखाद्या रात्री बरोबर यायचे आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही म्हणून कण्हायचे. २००१मध्ये त्याने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि त्यातून शिस्त आली असं तो सांगतो. विशीतला गाड्या आणि जुगाराच्या नादाचा यागर वेगळा होता, हेही खरं.

ओम्स्कची तीन वर्षं आणि लॉकआउट नसते, तर त्याने ग्रेट्झकीला गाठलं असतं?

नाही. ग्रेट्झकीचे २,८५७ गुण आहेत; फरक ९३६चा. तीन रशियन हंगाम आणि तीन लॉकआउट मिळूनही तो भरून निघाला नसता. गोलांबाबत मात्र चित्र बदललं असतं. गॉर्डी हाऊचे ८०१ गोल त्याने नक्की ओलांडले असते, ग्रेट्झकीच्या ८९४च्या बराच जवळ गेला असता. तरी त्याला ओम्स्कचा पश्चात्ताप व्हावा असं मला वाटत नाही. तिथे त्याला खेळायला मिळालं.

तो क्लाद्नोचा मालक आहे आणि खेळाडूही? हे चालतं?

चालतं, आणि त्याशिवाय क्लब चालला नसता. आधी क्लब त्याच्या वडिलांकडे होता, २०११मध्ये मालकी त्याच्याकडे आली. २०१२च्या लॉकआउटमध्ये त्याने तोमाश प्लेकानेक, तोमाश काबेर्ले, यिरी त्लुस्ती, मारेक झिदलित्स्की असे क्लाद्नोत घडलेले एनएचएलपटू गोळा केले, तेव्हा तिकीट घेणाऱ्यांना तोटा नव्हता.

एरवी मात्र ओढाताणच. गाव छोटं, स्टेडियम जुनं, पैसा कमी. प्रायोजक येतात ते यागर बर्फावर उतरतो म्हणून. त्याने तसं उघड सांगितलं आहे. संघ खालच्या लीगमध्ये घसरला, २०१९ला एक्स्ट्रालीगात, म्हणजे देशातल्या अव्वल लीगमध्ये, परतला, २०२०ला पुन्हा घसरला, २०२१ला पुन्हा वर आला. २०१९च्या बढतीच्या सामन्यात सत्तेचाळीस वर्षांच्या यागरने एकट्याने चार गोल मारले. नोव्हेंबर २०२२मध्ये वडील गेले. पन्नाशी ओलांडून तो खेळत राहिला ते हौसेपेक्षा या जबाबदारीपोटी, असं मला वाटतं. आयुष्यभर त्याने खेळायला वेळ मिळावा म्हणून गावं बदलली. इथे त्याला वेळ नको असला तरी उतरणं भाग होतं.

मग तो हॉल ऑफ फेममध्ये का नाही?

टोरंटोच्या हॉल ऑफ फेमचा नियम आहे: शेवटचा व्यावसायिक सामना खेळून तीन वर्षं झाली पाहिजेत. क्लाद्नोत उतरला की ते घड्याळ पुन्हा शून्यावर. निवडीबद्दल शंका कुणालाच नाही.

पिट्सबर्गने वाट पाहिली नाही. १८ फेब्रुवारी २०२४ला ६८ क्रमांक कायमचा निवृत्त करून छताला टांगला. सरावाला सगळे खेळाडू ६८ची जर्सी आणि मानेवर रुळणाऱ्या केसांचे टोप घालून उतरले, आणि त्यांच्यात खुद्द यागरही होता. २००१चा दुरावा, २०११ची हुर्यो, सगळं त्या दिवशी मिटलं.

ते केसांचे टोप घातलेले चाहते कोण?

‘ट्रॅव्हलिंग यागर्स’. कॅलगरीतली मित्रमंडळी. प्रत्येकाच्या अंगावर यागरच्या वेगवेगळ्या संघाची जर्सी, डोक्यावर त्याच्या नव्वदच्या दशकातल्या लांब केसांचा टोप. तो जिथे खेळेल तिथे जाऊन रांगेत बसायचे. २०१७ला यागर चक्क त्यांच्याच शहराच्या संघात आला.

त्याचा खेळ पाहायला कुठून सुरुवात करू?

१९९२च्या अंतिम फेरीतला तो गोल पहिला. मग १९९९चा न्यू जर्सीविरुद्धचा सहावा सामना, निदान शेवटचा भाग आणि ओव्हरटाइम. तिसरा, २०१५चं प्रागमधलं जागतिक अजिंक्यपद: फिनलंडविरुद्धची उपांत्यपूर्व लढत. त्रेचाळीस वर्षांचा यागर शेवटच्या मिनिटांत आघाडीचा गोल करतो. चेक संघ चौथा आला, पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि नंतर त्याने राष्ट्रीय जर्सी उतरवली. गोल पाहून झाले की फ्लोरिडाचे कुठलेही दोन सामने लावा आणि पकाकडे न बघता फक्त ६८कडे बघा. कोपऱ्यात तो पाठ कशी लावतो, कधी सोडतो, हे एकदा दिसायला लागलं की बाकीचे खेळाडू तेच करताना कुठे कमी पडतात तेही दिसतं.